आधी खुंट मोजा, मग रोपं आणा: कोकणातल्या १४ एकर रानाचा कार्बन-हिशेब

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. संगमेश्वर तालुक्यात वडिलोपार्जित १४ एकर जमीन आहे, सातबाऱ्यावर तुम्ही आणि दोन चुलतभाऊ, तिघंही मुंबईकडे. वर चारेक एकर कातळाचा सडा (उघड्या जांभ्याचं पठार), मधल्या उतारावर आठेक एकर रान, खाली पऱ्या (ओढा) आणि त्याच्या कडेला जुनी वरकस, म्हणजे नाचणीची हलकी जमीन. रान शेवटचं तुटलं त्याला अकरा वर्षं झाली. आता लाकडाचा ठेकेदार सगळ्या रानाचे अडीच लाख देतो म्हणतो. एका भावाला ते पैसे हवेत आणि मोकळ्या झालेल्या जागेत काजू लावायचा आहे. तुम्हाला मात्र तिथे कार्बन साठवणारं जंगल उभं करायचंय. कुठली झाडं लावू, किती लावू, आणि कार्बन क्रेडिटचे, म्हणजे कार्बन धरून ठेवल्याच्या बदल्यात मिळणारे पैसे मिळतील का, असं तुम्ही विचारलंत. शिवाय आजोळच्या खाडीकाठच्या दीड एकर खारजमिनीत बांध फुटल्यापासून तिवरं (कांदळवनातली झाडं) माजलीत, ती काढून दुसरी झाडं लावावीत का, हाही प्रश्न आहेच.

गेली बावीस वर्षं मी संगमेश्वर, लांजा, राजापूर या पट्ट्यात लोकांच्या खासगी रानांवर काम करतो. आपल्या जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतंच. जे काही रान आहे ते बहुतेक तुमच्यासारख्यांच्या सातबाऱ्यांवर उभं आहे. म्हणून असे प्रश्न माझ्याकडे दर महिन्याला येतात, आणि जवळजवळ प्रत्येकात ‘लावू’ हा शब्द असतो. उतारावर अकरा वर्षांचं रान उभं असताना तुम्ही रोपांचा विचार करताय. ते रान पुढची तीस वर्षं तुटू कसं नये, हा तुमचा खरा प्रश्न आहे. लावणं त्यात शेवटी येतं, आणि थोडंच येतं.

जमीन मी पाहिलेली नाही, तेव्हा काही गोष्टी आधीच सांगून टाकतो. जुने खुंट जिवंत असतील तरच खालचं बरंचसं लागू पडेल. पूर्वी कोणी यंत्र लावून मुळासकट उपटलं असेल तर उत्तर बदलेल. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात ‘खासगी वन’ असा शेरा आहे का, ते आधी बघा. १९७५च्या खासगी वने संपादन कायद्याखालचा तो शेरा असेल तर ठेकेदाराशी बोलण्याआधी वकिलाशी बोला. शेरा नसला तरी तोडीला परवानगी लागतेच. ‘कागदपत्रांचं आम्ही बघतो’ असं ठेकेदार म्हणतो, पण पुढे काही निघालं तर नोटीस सातबाऱ्यावरच्या नावाला येते.

आता हिशेब. झाडाचं सुकं वजन काढलं तर त्यातला साधारण निम्मा भाग कार्बन असतो. हिशेबात ४७ टक्के धरतात. त्या कार्बनला ३.६७ ने गुणलं की तेवढ्यासाठी हवेतून किती कार्बन डायऑक्साइड ओढला गेला ते कळतं. झाड न तोडता वजन काढायची सूत्रं आहेत. मी जेरोम शाव्ह या शास्त्रज्ञाचं आणि त्याच्या सहकाऱ्यांचं २०१४चं सूत्र वापरतो. त्यात खोडाची जाडी, उंची आणि लाकडाची घनता एवढंच लागतं. ऐन-किंजळीच्या घनतेचं, १० सेंटिमीटर व्यासाचं आणि ६ मीटर उंचीचं झाड घ्या. तुमच्या रानात आज अशीच झाडं असणार, मनगटाहून जाड आणि मांडीहून बारीक. त्याचं सुकं वजन येतं २४ किलोच्या आसपास. तेच झाड ३० सेंटिमीटर व्यासाचं आणि १२ मीटर उंच झालं की वजन होतं ४०० किलोच्या वर. जाडी तिप्पट, उंची दुप्पट आणि वजन सतरापट. त्या एका झाडाने सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड धरून ठेवलेला असतो, म्हणजे साधारण ३०० लिटर पेट्रोल जाळल्यावर निघेल तेवढा. नर्सरीतलं हातभर रोप सुकवून तोललं तर शंभर ग्रॅमसुद्धा भरायचं नाही.

या आकड्यांतच ठेकेदाराच्या चक्राची गोम आहे. कोकणात रान दर दहा-पंधरा वर्षांनी तुटतं. झाड २४ किलोवरून ४०० किलोकडे निघतं, तेवढ्यात त्याच्यावर कुऱ्हाड पडते. लाकूड भट्टीत जातं आणि वर्षभराच्या आत लाकडातला सगळा कार्बन परत हवेत. पन्नास वर्षांत रान चारदा हिरवं होतं, पण जमिनीवरचा साठा दर वेळी शून्यापासून सुरू. म्हणून ‘अकरा वर्षांचं किरकोळ रान आहे, तोडून नवीन लावू’ असं कोणी म्हटलं की मी त्याला हा सतरापटीचा आकडा दाखवतो.

खुंटांकडे वळू. ऐन, किंजळ, नाना, आसाणा, कुंभा ही आपली झाडं तोडली तरी मरत नाहीत, खुंटातून फुटतात. वर अकरा वर्षांची काठी दिसली तरी तिच्याखालची मुळं कधी साठ-सत्तर वर्षांची असतात. तुमच्या आजोबांनी कवळ (शेत भाजायला लागणाऱ्या डहाळ्या) तोडली ती याच खुंटावरची. एवढी मुळं आयती मिळाल्यावर फुटवा ज्या वेगाने वाढतो, तो वेग नर्सरीतल्या रोपाला कितीही शेण घातलं तरी येत नाही. एका रानात आम्ही दहा मीटर बाय दहा मीटरचे चौकोन आखून खुंट मोजले होते. मालकाने हजार रोपांची ऑर्डर देऊन ठेवली होती. एकेका चौकोनात अकरा ते सोळा जिवंत खुंट निघाले. एकरात असे चाळीस चौकोन बसतात. म्हणजे एकरी साडेचारशे-सहाशे झाडं मुळांसकट तयार होती, आणि हा गृहस्थ त्यांच्यामध्ये खड्डे खणून साग लावणार होता. ऑर्डर रद्द झाली. नर्सरीवाला अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

खुंटांवर करायचं काम थोडंच आहे. एका खुंटाला आठ-दहा फुटवे असतात आणि सगळे एकमेकांशी झगडत बारीक राहतात. त्यातले जमिनीलगतून निघालेले, सरळ आणि जोमदार असे दोन-तीन ठेवायचे आणि बाकीचे हिवाळ्यात कोयत्याने उतरवायचे. जमिनीलगतचे ठेवायचे, कारण खुंटाच्या डोक्यावरून फुटलेला फुटवा जड झाला की वादळात फाटतो. उतरवलेल्या काठ्या वाडीतल्या कोणाला कवळीला किंवा जळणाला द्या. त्यातून संबंध टिकतात, आणि संबंध कशाला लागतात ते पुढे येईलच. अशी विरळणी केल्याने रानातला एकूण कार्बन लगेच वाढत नाही. मात्र तो थोड्या, जाड, आगीला टिकणाऱ्या खोडांत जातो. मी स्वतः सगळ्या रानाची विरळणी करत नाही. निम्मं रान जसं आहे तसं सोडतो, कारण गचपणात कोण काय रुजवतंय हे आपल्याला आधी कळत नाही. वेलीही सरसकट तोडू नका. तोडकऱ्यांची ती सवय असते, पण गारंबीची वेल झाडाला मारते हे मी तरी पाहिलेलं नाही.

रानमोडी या तणाचा त्रास मात्र आहे. उघड्या जागी ती डोक्याएवढी होते आणि सुकली की रॉकेलसारखी पेटते. फुलायच्या आधी, म्हणजे दिवाळीच्या सुमारास उपटली तर बी पडत नाही. वर सावली दाटली की ती आपोआप मागे हटते, त्यामुळे हे काम चार-पाच वर्षांचं.

आता मातीबद्दल, कारण तुमच्या भावाच्या काजूचा मुद्दा इथे येतो. जगातल्या जंगलांतल्या कार्बनचा एक मोठा हिशेब २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात उष्णकटिबंधीय जंगलांमधला ५६ टक्के कार्बन जिवंत झाडोऱ्यात आणि ३२ टक्के मातीत असल्याचं निघालं. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश डोळ्यांना दिसतच नाही. जेसीबी लावून उतारावर पायऱ्या काढल्या की खुंट उपटले जातात आणि वीतभर काळी माती उघडी पडते. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पहिल्याच मृगात पऱ्या तांबडा वाहतो, तेव्हा त्यातून तुमचा साठा चाललेला असतो. काजू मीही खातो, त्याच्याशी माझं भांडण नाही. ते झाडच आहे, तेही कार्बन धरतं. भावाला सांगा की पऱ्याकाठची जुनी वरकस पडीक आहे, नाचणी बंद झाल्यापासून तिथे गवतच आहे. वेंगुर्ला जातीची कलमं तिथे हाताने खड्डे काढून लावा. उताराला हात लावू नका.

आणि वणवा. बाकी सगळं चुकलं तरी रान सावरतं, पण दरवर्षी वणवा लागत राहिला तर काही शिल्लक राहत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणीतरी गवत पेटवतं. कधी शिकारीसाठी, कधी पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं म्हणून, कधी भाजावळीची, म्हणजे भाताच्या रोपांसाठी शेत भाजण्याची ठिणगी उडते, आणि कधी नुसतीच विडी. मोठं झाड होरपळून वाचतं, पण दोन-तीन वर्षांची रोपं आणि कोवळे फुटवे जातात. असं पाच वर्षं झालं की रान वयात येतच नाही. यावर इलाज जाळपट्ट्याचा. रानाच्या कडेने, विशेषतः सड्याच्या आणि पायवाटेच्या बाजूने, दहा-बारा फूट रुंद पट्टा डिसेंबरात साफ करायचा. गवत अर्धं हिरवं असताना कापलं तर मजुरी कमी पडते आणि तेच गवत गुरांना जातं. जानेवारीत एकदा पालापाचोळा ओढून पट्टा स्वच्छ करायचा. आठ एकराच्या कडेला चार माणसांचं चार-पाच दिवसांचं काम आहे.

पण पट्टा अर्धंच काम करतो. उरलेलं काम वाडीतली माणसं करतात. मुंबईकराच्या रानात आग लागली तर विझवायला कोण धावतं? ज्याला त्या रानातून काही मिळतं तो. एका ठिकाणी मालकाने कडेकोट तारेचं कुंपण केलं, वाडीची जळणाची वाट बंद केली आणि ‘प्रवेश निषिद्ध’ची पाटी लावली. त्याच मार्चमध्ये रान दोन दिवस जळत होतं आणि कोणी फिरकलं नाही. शेजारच्या रानाच्या मालकाने पडलेली लाकडं, करवंदं आणि शिकेकाई वाडीला मोकळी ठेवली होती. तिथे आग शिरली तेव्हा बाया आधी हिरव्या फांद्यांचे टाळे घेऊन पोचल्या. तेव्हा उनाड गुरांसाठी एखाद्या बाजूला गडगा (दगडी बांध) किंवा वई (कुंपण) घाला, पण माणसांची वाट सोडा.

सड्यावर काही लावू नका. हे मी नुकसान सोसून शिकलोय. कामाच्या तिसऱ्या वर्षी, उत्साहाच्या भरात, मी एका सड्यावर सुरुंग लावून खड्डे काढले, माती भरली आणि ४०० रोपं लावली. जुलैत खड्ड्यांत पाणी तुंबून मुळं कुजली, उरलेली एप्रिलात वाळली. दोन वर्षांनी ३१ रोपं जिवंत होती, तीही गुडघ्याएवढी. त्याहून वाईट म्हणजे त्या जागी पूर्वी ऑगस्टमध्ये जे यायचं, सीतेची आसवं, गेंद, कवला, ते त्या पट्ट्यात आलं नाही. दीपकाडी तर फक्त कोकणातल्या अशा कातळांवर उगवते, जगात दुसरीकडे कुठे नाही. सड्यावरचं पाणी जांभ्यातून झिरपत खाली तुमच्या पऱ्याला येतं, हेही लक्षात ठेवा. सड्याला काही लोक ‘पडीक’ म्हणतात आणि त्यावर ऑस्ट्रेलियन अकेशिया लावतात. ती जगते, हे खरं. तिच्याखाली मग दुसरं फारसं काही उगवत नाही. देशावरच्या माळरानांचंही तेच. गवताचा कार्बन मुख्यतः जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. वरचं गवत जळलं किंवा गुरांनी खाल्लं तरी तो तिथेच राहतो. माळावर खड्डे खणून झाडं लावण्यात हा साठा विस्कटतो आणि माळढोकासारख्या पक्ष्याची जागाही जाते.

लावायचंच असेल तर पऱ्याकाठी लावा. वारंवार तोडीत जी झाडं मागे पडतात ती बहुतेक ओलाव्याची सदाहरित झाडं: जांभूळ, सुरंगी, बकुळ, पिसा, रातांबा (कोकम). पऱ्याच्या दोन्ही बाजूंना मोकळ्या जागा बघून शंभर-दीडशे रोपं पुरेत. बी जवळच्या देवराईच्या कडेचं घ्या, गुरवाला विचारून. जांभळाचं आणि रातांब्याचं बी सुकलं की मरतं, म्हणून फळ खाल्लं की त्याच आठवड्यात पेरायचं. डब्यात भरून मुंबईला नेऊ नका. कुठे जुना बेहडा किंवा सातवीण उभी असेल तर तिला देवासारखी जपा. तिच्या ढोलीत ककणेर (धनेश पक्षी) घरटं करतो आणि आजूबाजूच्या डोंगरांवरचं बी आणून तुमच्या रानात टाकतो. तो काय आणि किती पेरतो त्याचं बिल येत नाही.

खारजमिनीचं उत्तर सोपं आहे: तिवरांना हात लावू नका. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे पडलेली पानं आणि मेलेली मुळं कुजायला फार वेळ लागतो आणि कार्बन थरावर थर साचत जातो. हिंदी आणि प्रशांत महासागराच्या काठच्या कांदळवनांची मोजणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तिथे हेक्टरी सरासरी हजार टनांच्या वर कार्बन निघाला आणि त्यातला बहुतेक मातीत होता. आपल्या आखूड खाड्यांमध्ये, कालपरवा आलेल्या तिवरांखाली तेवढा नसणार, पण दिशा तीच. उलट चिखल उकरला, बांध घालून सुकवला, की शेकडो वर्षांचं साचलेलं हवेला लागून कुजू लागतं. कायदाही तुमच्या बाजूने निर्णय सोपा करतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालानंतर राज्यात कांदळवन तोडायला बंदी आहे, जमीन खासगी असली तरी. मुळात खाऱ्या पाण्यात तिवर, चिप्पी यांसारख्या कांदळवनातल्या झाडांइतकं दुसरं काही टिकत नाही. राज्याने २०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिलाय, तेव्हा तुमच्या दीड एकरात ती आहे का तेही एकदा बघून घ्या.

राहिले पैसे. उताराचं आठ एकर रान दरवर्षी एकरी दोन टन कार्बन डायऑक्साइड ओढतं असं धरू आणि टनाला ८०० रुपये भाव धरू. दोन्ही आकडे हिशेबापुरते आहेत, भाव तर सतत वरखाली होतो. वर्षाला १६ टन, म्हणजे १२,८०० रुपये. यातून मोजणी, तपासणी, नोंदणी यांचा खर्च जायचा, आणि तो लाखांत असतो. म्हणून एकट्या लहान मालकाला व्हेरा किंवा गोल्ड स्टँडर्डसारख्या कार्बन क्रेडिट नोंदवणाऱ्या संस्थांकडे जाणं परवडत नाही. शेकडो एकर एकत्र आले तर जमतं. दुसरी अट अशी की या पैशांमुळेच रान वाचलं हे दाखवावं लागतं. कोणी तोडणारच नव्हतं अशा रानाला क्रेडिट मिळू नये, हे तत्त्व योग्यच आहे. तिसरी अट तीस-चाळीस वर्षांच्या कराराची, सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्यांसह. केंद्र सरकारने २०२३ साली कार्बन क्रेडिट ट्रेडिंगची योजना अधिसूचित केली, तिचा पहिला भर मोठ्या कारखान्यांवर आहे. त्याच वर्षीचं ‘ग्रीन क्रेडिट’ (पर्यावरणाच्या कामांबद्दलचं श्रेय) हे वेगळं प्रकरण आहे, दोन्हींची गल्लत करू नका. सध्या गावोगाव फिरून स्टॅम्पपेपरवर ‘कार्बनचे हक्क’ लिहून घेणारे एजंट आलेत. त्यांच्या कागदावर सही करू नका, चहा पाजून परत पाठवा.

तेव्हा भावाचा अडीच लाखांचा प्रश्न क्रेडिटने सुटणार नाही. मी पाहिलेल्या घरांत तो तीन प्रकारे सुटला. एकात तुमच्यासारख्या भावाने दुसऱ्याच्या वाट्याची लाकडाची किंमत स्वतः दिली. तुमच्या बाबतीत अडीच लाखांचा तिसरा हिस्सा, म्हणजे ८३ हजार. मुंबईतल्या दोन-तीन मोबाइलची किंमत आहे, दचकू नका. दुसऱ्यात वाटणी करून उताराचा गट एकाने घेतला आणि रस्त्यालगतचा दुसऱ्याने. तिसऱ्यात थोडं रान तुटलं. तेही वाईटच असं मी म्हणत नाही, घरात लग्न किंवा आजारपण असतं. तशी वेळ आली तर पऱ्याच्या दोन्ही बाजूंचे पंधरा-वीस मीटर, सगळ्यात तीव्र चढ आणि कमरेएवढ्या घेराचं प्रत्येक झाड करारातून वगळा, आणि ‘यंत्राने मुळं काढणार नाही, खुंट राखणार’ ही अट लेखी घ्या. खुंट राहिला तर दहा वर्षांनी पुन्हा बोलता येतं. हिरडा, बेहडा, रातांबे, शिकेकाई यांतून थोडं उत्पन्न येतं. आमच्या भागात बेहड्याच्या फळांना फेअरवाइल्ड प्रमाणपत्रामुळे (रानातला माल जपून गोळा केल्याचा दाखला) बरा भाव मिळालेला मी पाहिलाय. पण ते राखणदाराच्या मजुरीपुरतं धरा, घर चालवण्यापुरतं नाही.

गणपतीत गावी गेलात तर रान नुसतं हिरवं दिसेल, काही समजणार नाही. शिमग्यापर्यंत थांबलात तर वणवे सुरू झालेले असतील. डिसेंबरात एक शनिवार-रविवार काढून या. बरोबर तीस मीटरची टेप, सुतळी, खडू आणि ज्याला काजू लावायचाय त्या भावाला आणा. उतारावर वेगवेगळ्या ठिकाणी दहा मीटर बाय दहा मीटरचे पाच चौकोन आखा. प्रत्येकात जिवंत खुंट किती, एकेका खुंटाला फुटवे किती, आणि छातीच्या उंचीवर सगळ्यात जाड पाच खोडांचा घेर किती, एवढं वहीत लिहा. घेर मोजायचं काम भावाला द्या. ती वही पाठवलीत की पुढचं आकड्यांवर बोलू.